फुटाला इंच

हाय विकमला मी आले तेव्हा
खुर्च्यांचे कारखाने बंद होत आले होते.
कोपऱ्यावरच्या एकात आता फ्लॅट आहेत,
पलीकडच्यात गाद्यांचा सेल, बाराही महिने.
मी दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं कवळ्या केल्या.
प्लास्टरचा साचा यायचा, चिठ्ठीवर नुसता नंबर.
गुलाबी हिरडीत एकेक दात बसवायचा,
मग व्हॅन घेऊन जायची माझं काम
कुठल्यातरी तोंडाकडे.
एकही तोंड मी पाहिलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा हत्यारं मागून घेतली.
मेणाची सुरी, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग
आणि ते गुणगुणणारं ड्रिल.

बाहुलीघर चॅरिटी शॉपमधलं, बारा पौंडांचं.
चार खोल्या, जिना, भिंतींना फुलाफुलांचा कागद.
बसायला काही नाही.
हसूच आलं. आमच्या भातुकलीत
चूल होती, जातं होतं, खलबत्ता होता,
झारा होता नखाएवढा.
खुर्ची नव्हती.
बाहुली दिवसभर रांधायची,
बसल्याची मला आठवत नाही.

शेजारचे मिस्टर क्वाशी, वय शहाऐंशी,
विशीत सेंट व्हिन्सेंटहून बोटीनं आलेले,
सरळ कारखान्यात.
विचारलं, विंडसर खुर्ची कशी करतात?
म्हणाले, मला बैठक विचार.
पाय करणारे वेगळे होते. कमान वाकवणारा वेगळा.
जोडणारा वरच्या मजल्यावर,
तो फक्त जेवणाच्या सुट्टीत दिसायचा.
मी तेवीस वर्षं बैठका कोरल्या.
अख्खी खुर्ची?
चहा ढवळत राहिले बराच वेळ.
साखर ते घेत नाहीत.

फुटाला इंच, म्हणजे अठराची उंची दीडवर आली.
मिस्टर क्वाशींच्या हाताला कंप,
कप टेबलावर येईस्तोवर बशी भरलेली.
म्हणून ते बोलत राहिले, मी कोरत राहिले.
मी बैठक पाटासारखी सपाट धरली होती.
नाही, म्हणाले, खोलगट. मध्ये किंचित उंचवटा.
बसणाऱ्याला कळता कामा नये
आपण लाकडावर आहोत.

बीचचे पहिले सात पाय मोडले.
आठवा ड्रिलमधून उडून फ्रिजखाली गेला,
तिथेच आहे.
ॲशची काडी किटलीच्या वाफेवर धरली,
खोकल्याच्या बाटलीभोवती दोऱ्यानं बांधली,
सकाळी सोडली तर कमान.
जळक्या लाकडाचा वास स्वैपाकघरभर.
इतकी वर्षं मला ड्रिलचा वास म्हणजे
प्लास्टिकचा, गुलाबी भुकटीचा.

बैठकीला एल्म हवं, म्हणाले.
एल्म आता कुठलं, रोगानं झाडं गेली.
मग तेच मोडक्या स्टुलाचा तुकडा घेऊन आले
कोटाच्या खिशातून.
भिंगाखाली धरला
तर दीड बोटाच्या त्या बैठकीवर
लाकडाच्या चार रेषा.
चार वर्षं. एक रुंद, भरपूर पावसाचं,
बाकीची ओढाताणीची.
मी सगळं बारापट लहान करत आणलेलं,
झाडानं काहीच लहान केलं नव्हतं.
बाहुली बसेल तेव्हा
पूर्ण मापाच्या वर्षांवर बसेल.

सरस वाळला गुरुवारी.
मिस्टर क्वाशींनी खुर्ची तळहातावर घेतली
आणि आधी उलटी केली.
समोरून कौतुक करणारे लोक वेगळे.
मग टेबलावर ठेवून बोटानं टेकली.
डुगडुगली.
मागचा डावा पाय सूतभर लांब, म्हणाले.
सूतभर! त्या पायाची जाडीच सूतभर.
पण ते हसत नव्हते.
मी पॉलिश पेपर दिला.
त्यांनी तो टेबलावर अंथरला, खुर्ची त्यावर ठेवली,
आणि मागेपुढे, मागेपुढे.
कंपाला काम मिळालं.

नंतर पेन्सिल मागितली.
बैठकीखाली नाव घालायचं होतं.
टोक टेकलं, हात हलला,
एक टिंब उमटलं, जरा लांबट.
बघत राहिले.
मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली,
की माझंही घालावं.

आता जेवणाच्या खोलीला
अजून पाच लागतात.